जांभ्याखालच्या पानांवरची बुरशी: चकत्यांची वर्गवारी कुठवर आली

रत्नागिरीकडे विहीर खणताना जांभा संपला की काही ठिकाणी काळपट चिकणमाती लागते, मधेमधे लिग्नाइटचे (तपकिरी कोळशाचे) तुकडे. हा सिंधुदुर्ग फॉर्मेशन नावाच्या खडकसमूहाचा थर, साधारण मायोसीन या भूशास्त्रीय काळातला. अशाच एका विहिरीच्या ढिगाऱ्यातली माती मालकांनी "न्या हवी तेवढी, आम्हाला काय करायचीय" म्हणत दिली होती. तिच्यातल्या जीवाश्म पानांच्या क्युटिकलवर, म्हणजे पानाच्या वरच्या मेणचट आवरणावर, आणि त्याला चिकटलेल्या बुरशीच्या चकत्यांवर (बीजाणू धरणाऱ्या तिच्या चपट्या भागांवर) सध्या काम चालू आहे.

माती धुण्याच्या सोड्यात रात्रभर भिजवायची, बारीक चाळणीवर हलक्या धारेखाली धुवायची, पानांचे पापुद्रे ब्रशने उचलायचे आणि सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रंग उतरेपर्यंत ठेवायचे. नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेटची शुल्झ पद्धत जास्त स्वच्छ काम देते, पण ते उद्योग प्रयोगशाळेतच बरे. घरच्या गच्चीवर नकोत. पेरॉक्साइडमध्येही सारखं लक्ष हवं. बुरशीच्या पेशीभित्ती गडद आणि चिवट असतात, पण पापुद्रा त्यांच्याआधी विरघळून जातो आणि चकती सुटी होते. चकती सुटी झाली की निम्मी माहिती गेली.

का, ते सांगतो. या खेपेच्या सर्वांत चांगल्या स्लाइडवर ९० मायक्रॉनच्या आसपासची एक चकती आहे. मध्यापासून कडेपर्यंत चौकोनी पेशींच्या रांगा, वरून पाहिलेल्या उघड्या छत्रीच्या काड्यांसारख्या. कड किंचित दातेरी. मध्यभागी बीजाणू बाहेर पडायचं तोंड नाही. फोकस अगदी हळू खाली-वर केला की बऱ्याच पेशींत एकेक बारीक छिद्र उमटतं. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड डिल्चर यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीच्या, मायोसीनहून जुन्या इओसीन काळातल्या पानांवरून कॅलिमोथॅलस हा बुरशीचा जीनस (जातींचा गट) मांडला, त्याची लक्षणं हीच: अरीय (मध्यापासून कडेकडे जाणारी) रचना, पेशींत छिद्रं, मध्यभागी तोंड नाही आणि भोवती मोकळे तंतू नाहीत.

अडचण या शेवटच्या लक्षणाची आहे. परागकणांच्या स्लाइडमध्ये अशा सुट्या चकत्या ढिगाने सापडतात आणि "तंतू नाहीत" असं बिनधास्त लिहिलं जातं. पण तंतू मुळात नव्हते, की माती धुताना तुटून गेले? सुट्या चकतीवरून ते कळायला मार्ग नाही. माझी चकती क्युटिकलवर जागच्या जागी आहे आणि आजूबाजूची पर्णरंध्रंसुद्धा (पानाची श्वासछिद्रं) शाबूत आहेत, म्हणून इथे "तंतू नाहीत" या म्हणण्याला वजन आहे. शेजारच्या तुकड्यावर उलट प्रकार: नागमोडी तपकिरी तंतू, त्यांच्या बाजूला एकपेशीय हायफोपोडिया (पानाला धरून ठेवणारे तंतूंचे छोटे फुगवटे) आणि चकतीला मधोमध ताऱ्यासारखी चीर. ही अ‍ॅस्टेरिना या पानांवर वाढणाऱ्या बुरशीच्या घराण्यातली दिसते. हायफोपोडिया दोन पेशींचे असते, देठ आणि वर डोकं, तर मेलिओला या पानांवरच्या दुसऱ्या काळ्या बुरशीकडे वळलो असतो.

तुलनेसाठी आंबोलीहून आजची पानं आणली. त्यांच्यावरच्या बुरशीच्या काळ्या ठिपक्यावर रंगहीन नेलपॉलिश लावायचं, वाळलं की अलगद सोलायचं. अख्खी वसाहत तंतूंसकट निघते. जीवाश्मातले हायफोपोडिया ओळखायला डोळा याच स्लाइडांवर तयार होतो, पुस्तकातल्या रेखाचित्रांवर तेवढा होत नाही.

लहान, चार-सहा खाचांच्या चकत्या मी वेगळ्या प्रकारात टाकत नाही. त्या मोठ्या चकत्यांची बाल्यावस्था असू शकतात आणि एकाच तुकड्यावर लहान ते मोठ्या अशी साखळी जवळपास सलग दिसते. ऑस्ट्रेलियात आर. टी. लँग यांनी १९७० च्या दशकात अशाच कोवळ्या अवस्थांचा आजच्या बुरशींशी मेळ घातला आणि त्यावरून प्राचीन अधिवासाचा अंदाज बांधता येतो असं दाखवलं. मात्र एक चकती दिसली की "इथे घनदाट वर्षावन होतं" म्हणणं मला उतावीळपणाचं वाटतं. पानांचे प्रकार आणि परागकण त्याला दुजोरा देत असतील तर गोष्ट वेगळी.

नवीन जातीचं नाव द्या, असं सुचवणाऱ्यांसाठी: २०१३ पासून जीवाश्म बुरशीच्याही नव्या नावाला मायकोबँकसारख्या, बुरशींच्या नावांच्या मान्य नोंदवहीतला क्रमांक लागतो. शिवाय लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन आणि अधिकृत नमुना कुठे ठेवलाय त्या संग्रहाचं नाव. माझ्या कपाटातला बूट-बॉक्स त्यात बसत नाही. तोवर छिद्रांची चकती "प्रकार अ" आणि ताऱ्यासारख्या चिरेची "प्रकार आ" एवढ्यावर भागतंय.

आता प्रत्येक चकतीचा व्यास, अरीय रांगांची संख्या आणि सर्वांत जवळच्या पर्णरंध्रापासूनचं अंतर मोजतोय. "प्रकार आ" मध्ये एकही बीजाणू अजून मिळालेला नाही. अ‍ॅस्टेरिनाचे बीजाणू दोन पेशींचे असतात, तसा एखादा मिळाला तर ओळखीला आधार मिळेल, म्हणून उरलेला गाळ त्यासाठीच पुन्हा चाळायला घेतलाय.