रविवारचा वायरमन

"अरे, पण तुला नोकरी आहे ना? मग मंगळवारी दुपारी एमसीबीचा खटका पडून वीज गेली तर येणार कोण?"

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात गीझरचं काम संपवून बिल लिहीत होतो, तेव्हा काकूंनी विचारलं. पैसे मात्र आधीच मोजून हातात ठेवले होते.

मंगळवारी दुपारी मी चाकणला, कंपनीत पॅनेलसमोर. फोन लॉकरमध्ये.

गीझरला दीड स्क्वेअर मिमीची बारीक वायर होती, ती काढून चारची जाड ओढली, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला. त्याबद्दल काकूंनी चकार शब्द काढला नाही. (आपण उगाच त्याचंच कौतुक सांगत बसतो.) त्यांना हवा होता हाक मारली की येणारा माणूस.

आठवडाभर कंपनी, रविवारी धंदा, यात हे कसं बसवायचं? भरवशाचा जोडीदार धरावा म्हणतोय. आहे का कुणी पेठा-कोथरूडकडे, वायरमनचा परवाना असलेला?