उताराच्या कुशीतले घर

कोकणातल्या राजापूर तालुक्यात सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार, संपून जेथे उतार सुरू होतो, तेथे आम्ही बांधलेल्या घराला आता तीन पावसाळे झाले. तिन्ही बाजूंनी आणि छपरावरही माती पांघरलेल्या घरांची छायाचित्रे पाहून मी पहिला आराखडा केला होता. परंतु ती घरे बहुतेक कोरड्या किंवा थंड मुलखातली होती. जमिनीत काही मीटर खोलवरचे तापमान वर्षभर त्या ठिकाणच्या सरासरीच्या आसपास स्थिर राहते, त्यामुळे जेथे उन्हाळ्या-हिवाळ्यात मोठी तफावत असते तेथे असे घर फार सुखाचे होते. कोकणात ती तफावत मुळातच कमी. येथे सांभाळायचे असते ते ३००० मिलिमीटरहून अधिक पडणाऱ्या पावसाला आणि दमट हवेला.

मे महिन्यात उतार कापला तेव्हा मागचा कडा ठणठणीत कोरडा होता. जुलैत मात्र जांभ्यातून मुरलेले पाणी खालच्या चिकट, पांढरट मातीवर अडून आडवे वाहू लागले आणि पाऊस उघडल्यावरही कड्याच्या पायथ्याशी पाझर चालूच राहिला. मागची भिंत कड्याला भिडवली असती, तर या पाण्याचा सगळा दाब तिच्यावर आला असता. आमच्या गवंडीकाकांनी तो एक पावसाळा थांबायला लावले, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. पुढे आम्ही कड्याला सुट्या दगडांचा, आत कललेला गडगा घातला आणि गडगा व भिंत यांच्यामध्ये तीन फुटी चर दोन्ही टोकांना उताराकडे मोकळा ठेवला.

छपरावर माती घालण्याचा विचारही सोडला. एका चौरस मीटरवर फूटभर भिजलेली माती म्हणजे जवळजवळ ६०० किलो भार. तो पेलायला स्लॅब घालावा लागला असता, आणि मग जांभा, चुना, लाकूड यांचा आग्रह धरण्यात अर्थ उरला नसता. त्याऐवजी कौले घातली आणि वळचण चांगली तीन फूट बाहेर काढली.

जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, तासता येतो, आणि हवा लागली की कडक होत जातो. पण तो पाणी पितो. मागच्या खोलीला हौसेने केलेला सिमेंटचा गिलावा दुसऱ्याच पावसाळ्यात फुगून सुटला, कारण आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट नव्हती. तो खरवडून चुन्याचा गिलावा केला. यंदा श्रावणात त्या भिंतीला हात लावला तर ती कोरडी लागली. चरातले पाणी खालच्या केळींकडे वळवले आहे.