रिकामी लेन

मंगळवार, रात्री

आजचा ब्लॉट, म्हणजे नमुन्यातलं प्रथिन काळ्या पट्ट्यांच्या (बँडच्या) रूपात दाखवणारी चाचणी. त्यात निरोगी ऊतीच्या लेनखाली, म्हणजे तिच्या नमुन्याच्या उभ्या रांगेखाली, पेन्सिलीने लिहिलंय, 'पी५३ नाही'. पी५३ म्हणजे पेशीला गाठ होण्यापासून राखणारं प्रथिन. शेजारी गाठीची लेन, तिच्यात काळाकुट्ट बँड. एवढंच. पण दुपारपासून तो 'नाही' डोक्यातून जात नाही.

असतं ते. निरोगी पेशी पी५३ सतत बनवते आणि तितक्याच घाईने मोडते. अर्धायुष्य साधारण वीस मिनिटं. एमडीएम२ हे प्रथिन त्याला युबिक्विटिन, म्हणजे 'मोडा' अशी खूण, चिकटवतं, आणि प्रोटिएझोम हे पेशीतलं मोडयंत्र त्याचे तुकडे करतं. शाळेच्या गणितातला हौदच हा: वरचा नळ चालू, खालची तोटी उघडी, पाणी जेमतेम तळाला. त्याला कोरडा कसं म्हणायचं? आणि गाठीतला भरलेला हौद बघून 'भरपूर बनतंय' म्हणणं हीही तीच चूक. जनुकातल्या बदलामुळे बिघडलेलं पी५३ साचतं ते मुख्यतः मोडणं मंदावल्यामुळे. ब्लॉट पातळी दाखवतो, वेग नाही.

वेग हवा तर जिवंत पेशी हव्यात. गोठवलेल्या तुकड्यात घड्याळ थांबलेलं असतं. नवं प्रथिन बनणं थांबवणारं औषध सायक्लोहेक्झिमाइड, मिलिलिटरला ५० ते १०० मायक्रोग्रॅम, मग ०, १५, ३०, ६०, १२० मिनिटांना प्लेटा उचलून थेट बर्फावर. निरोगी पेशींचा बँड शून्यालाच फिका, म्हणून तिथे प्रथिन जास्त चढवायचं, एक्स्पोजर (बँडचं चित्र टिपण्याचा वेळ) लांबवायचं, आणि प्रत्येक बँड त्याच पेशींच्या शून्याशी ताडायचा. उशिराच्या वेळांवर फार विसंबू नये. एमडीएम२ही अल्पायुषी, औषधाने तेही बनायचं थांबतं आणि तोटी आपोआप आवळत जाते.

आजच्या ब्लॉटसाठी पेशींची केंद्रकं वेगळी काढताना एनपी-४० या साबणासारख्या द्रवात मिनिटभर जास्त रेंगाळलं तरी आवरण कच्चं पडतं, आतलं प्रथिन बाहेर गळतं. खुणेची दोन प्रथिनं: लॅमिन बी१ केंद्रकाच्या भागात दिसायला हवं, ट्युब्युलिन बाहेरच्या. हे दोन्ही न बघता पुढे जाऊच नये. पीएमएसएफ, प्रथिनं तुटू न देणारं रसायन, ऐनवेळी घालायचं, पाण्यात ते टिकत नाही. सकाळी बनवून ठेवलेलं बफर दुपारी वापरलं तर...

असो.

एवढा खटाटोप आणि शेवटी रिकामा चौकोन, म्हणून दुपारी रडू यायचं बाकी होतं. आता तसं वाटत नाही. उंदरांच्या प्रत्येक पेशीत तेच बिघडलेलं पी५३ घातलं, तरी निरोगी ऊतींत ते साचत नाही. साचतं ते गाठींत, आणि तिथेही सगळ्यांत नाही. अशा उंदरांत २००८ मध्ये दिसलं की एमडीएम२ काढून घेतलं तर निरोगी ऊतींतही ते साचू लागतं. म्हणजे जनुकातला बदल एकटा पुरत नाही. निरोगी पेशीची तोटी खराब मालही वाहून नेत असते, रात्रंदिवस, आणि आम्ही त्या लेनखाली 'नाही' लिहितो.

उद्या एक प्लेट एमजी१३२ची, म्हणजे प्रोटिएझोम बंद पाडणाऱ्या औषधाची: १० मायक्रोमोलर, चार तास, शेजारी तुलनेसाठी फक्त डीएमएसओ, म्हणजे औषधाचा नुसता द्रावक, घातलेली. तोटी बंद केल्यावर निरोगी लेनमध्ये बँड वर यायला हवा. आला नाही तर पी५३ ओळखणारी अँटीबॉडी आणि ट्रान्सफर (प्रथिन जेलमधून ब्लॉटच्या पडद्यावर नेण्याची पायरी) तपासायचे.

पेन्सिलीचं आत्ताच खोडलं. तिथे लिहिलं, 'या एक्स्पोजरला दिसत नाही'.