उमदीच्या मुक्कामी गाडीतलं पुस्तक

रविवार, रात्रीचे साडेनऊ

आज बाबांचं एक पुस्तक सांगलीच्या एसटी स्टँडवर सोडलं. आजवरचं हे चौतिसावं. आधीची तेहतीस माझी होती, ती ठेवताना हात अडखळला नव्हता. याच्या पहिल्या पानावर मात्र बाबांची सही आहे आणि खाली लिहिलंय, '१४ जून १९७८, मिरज'. ते पान कापून आपल्याकडे ठेवावं असं दोन दिवस मनात घोळत होतं. काल कात्री हातात घेतली आणि परत ठेवून दिली. सही गेल्यावर ते बाबांचं पुस्तक उरलंच नसतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. बाबांनी पुस्तकांची फळी २००५ च्या पुराच्या खुणेच्या वर, हातभर अंतर सोडून ठोकून घेतली होती. तेवढं पुरेल असं त्यांना वाटायचं, आम्हालाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं.

परत आलो तेव्हा पुस्तकं फुगून फळीत इतकी घट्ट बसली होती की एकेक ओढून काढावं लागलं. गुळगुळीत कागदाची तर विटेसारखी थिजली होती, त्यांचं काहीच करता आलं नाही. साध्या कागदाच्या पुस्तकांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून, पंख्याखाली मांडून, दर दोन तासांनी तुकडे बदलत वाळवली. चाळीसेक वाचवता आली. शहरातल्या जुन्या वाचनालयाचीही हजारो पुस्तकं त्याच पाण्यात गेली. त्या दिवसांत गल्लीत कुणी कुणाला 'काय काय गेलं?' असं विचारत नसे.

तो चिखल उपसताना एक गोष्ट ध्यानात आली आणि ती अजून माझ्याबरोबर आहे. बाबांनी मित्रांना वाचायला दिलेली आणि कधीच परत न आलेली पुस्तकं! त्यावरून आई किती चिडायची. आता धड राहिली होती ती तेवढीच. कुणाकडे तासगावला, कुणाकडे विट्याला, कोरडी. आम्ही जपून ठेवलेली सगळी भिजली होती.

तेव्हापासून मी पुस्तकं सोडत आले आहे. कल्पना माझी नव्हे. अमेरिकेत २००१ साली रॉन हॉर्नबेकर यांनी 'बुकक्रॉसिंग' सुरू केलं. प्रत्येक पुस्तकाला एक क्रमांक द्यायचा, ते सार्वजनिक जागी ठेवायचं आणि ज्याला मिळेल त्यानं त्या क्रमांकावर कळवायचं. दिल्लीच्या मेट्रोत २०१७ पासून लोक अशी पुस्तकं ठेवू लागले. त्याच वर्षी आपल्याकडे भिलार पुस्तकांचं गाव झालं. मी जाऊन आले आहे. परक्याच्या ओसरीवर बसून निवांत वाचायला मिळतं, फार जीव लावणारी जागा आहे. पण भिलारला जातो तो वाचायचं ठरवूनच जातो. मला पुस्तक पोचवायचं आहे ते गाडीची वाट बघत बसलेल्या, वाचायचं असं काही डोक्यात नसलेल्या माणसाकडे.

जागा निवडायला मी चुकत चुकत शिकले. घाटावर ठेवलेलं एक पुस्तक वळवाच्या सरीत लगदा झालं. ते बघून पुराचे दिवस आठवले, रात्री जेवण गेलं नाही. आता घाटावर नाहीच, आमराईतही फक्त उन्हाळ्यात. मिरज स्टेशनवर आणि सिव्हिलच्या बाहेर जुने दिवाळी अंक ठेवते, कारण पेशंटसोबत आलेल्या माणसाचं मन लांब कादंबरीत लागत नाही, एखादी कथा मात्र वाचून होते. पिशवीत घालून काहीही ठेवायचं नाही. बेवारस पिशवीला लोक घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. पुस्तक उघडंच ठेवायचं आणि वर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवायची: 'हे हरवलेलं नाही. तुमच्यासाठी आहे. वाचून झालं की पुढं द्या.' आत एक कोरी जागा सोडते, वाचणाऱ्यानं गावाचं नाव लिहायला. सोडलेल्यांतलं एकही पुस्तक मला पुन्हा दिसलेलं नाही. कधीतरी त्याची हुरहूर लागते.

आज फलाटावरच्या बाकावर ठेवून दहा पावलं गेले असेन, तोच मागून हाक आली.

"ओ ताई, पुस्तक राहिलं की तुमचं!"

कंडक्टर होते. चहाचा कप तसाच बाकावर ठेवून पळत आले होते. चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती सावकाश वाचली, पान उलटलं, सहीवर नजर थांबली.

"हे कुणाचं नाव?"

"वडिलांचं."

"मग देऊन का टाकताय?"

मी त्यांना फळीचं सांगितलं, तासगावच्या पुस्तकांचंही. गाडीची वेळ होत आली होती, तरी ते ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "आज उमदीला मुक्काम हाय. जतच्या पुढं, पार टोकाला. रात्री तिथं काय नसतंय बघा. मी नेलं तर चालंल का?"

"न्या की, दादा."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, पुस्तक गाडीच्या पत्र्यावर टेकवलं आणि बाबांच्या सहीखाली, मी सोडलेल्या जागेत नव्हे तर अगदी सहीला लागून, लिहिलं: उमदी.