इव्हिनिंग ड्युटी, एक शेगडी आणि आईची चटणी: माझा वर्षभराचा अनुभव

मी नर्स आहे, गाव गडहिंग्लज, नोकरीला पुण्यात. इव्हिनिंग ड्युटी असली की २ ते ८, मग हँडओव्हर, मग बस, रूमवर यायला सव्वानऊ तरी होतातच. हे आधी सांगतेय कारण कुणी "घरी करून खा" म्हटलं की मला पहिल्यांदा विचारावंसं वाटतं, कधी करू?

सुरुवातीचे ५-६ महिने मेसचा डबा लावला होता. डबा यायचा संध्याकाळी ७ ला, मी उघडायची साडेनऊला. गार भात, आमटीत गूळ जास्त आणि तिखट नावाला, आणि आमच्याकडं तर लहानपणापासून ताटात रस्सा लाल दिसला नाही तर जेवल्यासारखंच वाटत नाही. मग अर्धा डबा तसाच राहायचा आणि रात्री ११ ला बिस्किटं नाहीतर नूडल्स. दिवाळीला घरी गेले तेव्हा आईनं दंड धरून बघितला आणि म्हणाली, "व्हय गं, तिथं काय खातीस तरी काय?" मला काही बोलताच आलं नाही. परत येताना तिनं बॅगेत अर्धा किलो चटणीची बरणी घातली आणि मी आल्या आल्या डबा बंद केला.

चटणी म्हणजे आमच्या भागात कांदा-लसूण मसाला, खोबऱ्याची चटणी नव्हे. पुण्यातल्या मैत्रिणींचा इथं नेहमी घोळ होतो. वर्षाची चटणी उन्हाळ्यात होते. आमच्या घरचं प्रमाण असं: १ किलो मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, १०० ग्रॅम तीळ, ५० ग्रॅम जिरं, आलं, कोथिंबीर, मीठ आणि लवंग-दालचिनी-दगडफूल वगैरे थोडं थोडं. मिरची अर्धी ब्याडगी, अर्धी जवारी म्हणजे संकेश्वरी. ब्याडगीनं रंग येतो, ती फार तिखट नसते, तिखटपणा आणि वास जवारीचा, आणि संकेश्वर आम्हाला अगदी शेजारीच, त्यामुळं गडहिंग्लजच्या बाजारात ती मिरची चांगली मिळते. कांदा उन्हात वाळवून तेलात पार कुरकुरीत तळायचा, ओलसर राहिला तर चटणी टिकत नाही. मग सगळं डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, कुटून आणायचं आणि बरणीत वर हिंगाचा खडा. हे एवढं सांगायचं कारण म्हणजे भाजणं, तळणं, वाटणं असली सगळी वेळखाऊ कामं आईनं मेमध्येच करून ठेवलेली असतात, रात्री साडेनऊला माझ्या वाट्याला फक्त कांदा चिरणं आणि फोडणी उरते.

पण ती फोडणीच मला जमत नव्हती. पहिल्या आठवड्यात बटाट्याचा रस्सा केला, तेल कडकडीत तापवलं, घाईत २ चमचे चटणी थेट त्यात टाकली आणि क्षणात काळी झाली, खोलीभर ठसका, रूममेट दार उघडून बाहेर पळाली आणि रस्सा इतका कडू की टाकून द्यावा लागला. रात्री १० वाजता उपाशीपोटी रडू आलं होतं मला. आईला फोन केला तर ती म्हणाली, "आगं तेल तापलं की आधी कांदा परतून घे, मग गॅस बंद कर आन् मग चटणी टाक, लगीच अर्धी वाटी पाणी घाल, तेल सुटंस्तोवर हलव." बास, एवढंच. चटणीचा रंग तेलातच उतरतो, नुसत्या पाण्यात उकळली तर रस्सा फिका आणि कच्चट लागतो, आणि फार गरम तेलात टाकली तर लसूण-तिखट करपतं. पाण्याच्या त्या शिपक्यामुळं करपायचं थांबतं, आणि पुन्हा बारीक गॅसवर ठेवलं की २-३ मिनिटांत कडेला लाल तेल दिसायला लागतं. ते तेल दिसल्याशिवाय मी आता पुढं काहीच घालत नाही, कितीही भूक लागलेली असू दे.

हे एक जमलं आणि पुढचं सगळं भराभर सुटत गेलं. आता आठवड्यात दोनदा तरी आख्खा मसूर होतो. दुपारी १ ला निघताना १ वाटी मसूर भिजत घालून जाते, रात्री आल्यावर २ लिटरच्या छोट्या कुकरमध्ये २ शिट्ट्या, दाणा शिजलेला पण आख्खा राहायला पाहिजे, त्याचा लगदा झाला की मजा गेली. शेगडी एकच आहे त्यामुळं क्रम महत्त्वाचा, आधी कुकर, तो उतरवून वाफ जिरेपर्यंत त्याच शेगडीवर कढईत फोडणी, कांदा, टोमॅटो, दीड चमचा चटणी, मग मसूर त्यात. भाकरी मी कोपऱ्यावरच्या मावशींकडून घेते, ड्युटीवरून येऊन भाकरी थापायचा आग्रह मी स्वतःला करत नाही आणि दुसऱ्या कुणालाही करणार नाही.

अंड्याचा रस्सा तर त्याहून सोपा. अंडी उकडून सोलत बसायचं नाही, रस्सा चांगला उकळला की गॅस बारीक करून अंडी वाटीत फोडून एकेक अलगद सोडायची, झाकण ठेवायचं आणि ५-६ मिनिटं चमचा लावायचा नाही. लावला तर अंडं विस्कटतं.

पिठल्याला १ वाटी बेसन आणि ३ वाट्या पाणी, बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत, फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, आणि लसूण ठेचलेला, चिरलेला नको. इथं मात्र मी चटणी घालत नाही, हिरवी मिरचीच. माझं ठाम मत आहे की एकच मसाला सगळ्यात घातला की ४ दिवसांत तोंडाची चव जाते. मग ती चटणी कितीही आईच्या हातची असो.

हे मला रूममेटमुळं कळलं खरं तर. ती कोकणातल्या कुडाळची, तीही नर्स. तिच्या डब्यात तिरफळं (तिकडची मसाल्याची सुकी फळं) आणि आमसुलं असतात, आणि ती बांगड्याचं तिखलं करते ते मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विश्वासच बसला नाही, कारण फोडणीच नाही! मिरची-हळदीचं वाटण, थोडं पाणी, आमसुलं, ५-६ तिरफळं, मीठ, त्यात बांगड्याचे तुकडे, ८-१० मिनिटं आणि शेवटी वरून चमचाभर कच्चं खोबरेल. मी तिरफळं वाटणात घालायला निघाले होते तर तिनं हातच धरला, "वाटू नको गो, नुसती ठेच." त्यातली काळी बी काढून टाकायची, ती कडू लागते, आणि साल नुसती चेचून घालायची, जेवताना बाजूला काढायची. त्या वासानं आणि जिभेला येणाऱ्या बारीक झिणझिण्यांनी मी त्या रात्री ३ वाट्या भात खाल्ला. तेव्हापासून आमचं ठरलंय, बुधवारी ती, बाकी दिवशी जिची ड्युटी आधी सुटेल तिनं करायचं.

नाईट करून सकाळी साडेआठला आलं की मात्र काहीच तिखट नको वाटतं. तेव्हा मऊ भात, त्यावर मेतकूट, तूप, मीठ. पोटाला बरं वाटतं आणि झोप लागते.

आणि एक खर्डा. सुट्टीच्या दिवशी १०-१२ हिरव्या मिरच्या आणि लसणाचा एक गड्डा तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत भाजायचा, मूठभर भाजलेले शेंगदाणे, जाडं मीठ, आणि खलबत्त्यात ओबडधोबड कुटायचं. मिक्सरला लावून बघितला, पेस्ट होते, तसं नको. काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये ५-६ दिवस आरामात राहतो. ज्या दिवशी खरंच अंगात त्राण नसतं, एखादा पेशंट गेलेला असतो आणि कढई चढवायची इच्छा नसते, त्या दिवशी भाकरी, खर्डा, दही. ५ मिनिटं. पण गरम भाकरी आणि घरचं तिखट पोटात गेलेलं असतं, उपाशी झोपत नाही.

मार्चमध्ये आई पहिल्यांदा रूमवर आली. मी ड्युटीवरून आले तर तिनं मुद्दाम काही केलेलं नव्हतं, म्हणाली, "तूच कर, मी बघती." मसूर केला. ती पलंगावर बसून कढईकडं बघत होती, मी गॅस बंद केला, चटणी टाकली, पाण्याचा शिपका मारला, तेव्हा नुसती मान हलवली. जेवून झाल्यावर बरणी उचलून हलवून बघितली, तळाला ४ बोटं राहिली होती. "यंदा २ किलोची करूया, तुझ्या मैत्रिणीला पण लागंल की."

मेमध्ये ४ दिवसांची रजा टाकलीय. कांदा तळायचं काम यंदा माझ्याकडं आहे.