उत्तर लवकर आलं

मानसोपचार वॉर्डात चौदा वर्षं काढल्यावर एक खोड लागली आहे. पेशंटला प्रश्न विचारला की मी मनात आकडे मोजते. आजी दाखल झाल्या त्या दिवशी विचारलं, "आजी, पाणी देऊ का?" बावीसपर्यंत मोजून झालं, तेव्हा मान हलली. नको म्हणून.

डिप्रेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रडणारा माणूस येतो. आजार फार वाढला की कित्येकांना रडूही येत नाही. माणूस मंदावतो. ऐकू येतं, कळतं, उत्तरही तयार होत असतं, पण ते ओठांपर्यंत यायला वेळ लागतो. शिकाऊ मुली चौथ्या सेकंदाला दुसरा प्रश्न टाकतात, मग पहिल्याचं उत्तर वाटेतच मरतं. आणि आपण केस पेपरवर लिहून मोकळे: 'सहकार्य करत नाही.' हे वाक्य लिहायला बंदी घालावी असं मला फार वर्षांपासून वाटतं. म्हणून मी त्यांना मोजायला शिकवते. मोजत असलं की तोंड बंद राहतं, आणि रोजचा आकडा लिहून ठेवला तर पेशंट कुठे चालला आहे तेही कळतं. या पद्धतीचा मला अभिमान होता. 'होता' हे जाणूनबुजून लिहिलं आहे.

आजी अडुसष्ट वर्षांच्या, वजन एक्केचाळीस किलो. दीड महिना अंथरुणाला खिळलेल्या. पहाटे तीनला जाग यायची, सकाळ सगळ्यात वाईट, संध्याकाळी जरा बरं. मोठ्या डिप्रेशनची ही ओळखीची चाल आहे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू होती. पीएचक्यू-9 मध्ये, म्हणजे डिप्रेशन किती आहे ते मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या यादीत, 27 पैकी 22 गुण आले; जितके जास्त तितका आजार जास्त. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो विचारताना आमच्यातल्याही काही जणी आवाज खाली आणतात किंवा स्वतःच 'नाही' वर खूण करतात, जणू विचारल्यानं पेशंटच्या डोक्यात काही घुसणार आहे. विचारल्यानं काही घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मी सरळ विचारलं. एकोणीस मोजले.

"येतो विचार," आजी म्हणाल्या. "पण उठून काही करायला अंगात जोर कुठंय, बाई?"

हे वाक्य मी ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना शब्दशः सांगितलं. कारण आमच्या कामातला हा पाठ सगळ्यांना तोंडपाठ असतो: औषध लागू पडायला लागलं की बऱ्याचदा अंगात जोर आधी येतो, मन मागून येतं. विचार तेच, आणि आता हातपाय चालतात. म्हणून दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला पेशंट अचानक हालचाल करायला लागला तर आम्ही खूश होत नाही, निगराणी वाढवतो.

एस्सिटॅलोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी सुरू झाली. माझ्या वाट्याला जे काम होतं ते मी जीव लावून केलं, विशेषतः पाण्याचं. दाखल झाल्या तेव्हा जीभ कोरडी होती, म्हणून दर तासाला अर्धा ग्लास, समोर उभं राहून. पाचव्या दिवशी चार्टवर अडीच लिटर भरलं. इनचार्ज सिस्टरनी तो चार्ट इतरांना दाखवला.

आठव्या दिवशी आजींनी डोकं दुखतं म्हणून सांगितलं, मळमळतंही म्हणाल्या. मी लिहिलं, 'शारीरिक तक्रारी वाढल्या.' डिप्रेशनच्या पेशंटनं डोकं दुखतं म्हटलं की आम्ही ते दुखणं मनाच्या खात्यात टाकतो. पाण्याचा ग्लास पुढे केला.

नवव्या दिवशी मला नाइट होती. ओव्हरमध्ये कळलं, आजी दुपारपासून उठून फिरतायत, बोलतायत. अंगात जोर आला असं सगळ्यांनीच धरलं. दर पंधरा मिनिटांनी बघायचं ठरलं. पलंगाच्या आसपासच्या वस्तू तपासल्या. रात्रीची गोळी दिल्यावर जिभेखाली पाहिलं. सगळं नियमाप्रमाणे.

साडेअकराला मी विचारलं, "आजी, झोप येत नाही का?"

"येईल की, गाडी आली की."

तीन सेकंद.

मी वहीत लिहिलं: 'प्रतिसाद वेगवान. उत्साह वाढलेला. निगराणी चालू ठेवावी.' मी तीन मोजले आणि त्या आकड्यावर इतकी खूश झाले की उत्तर ऐकलंच नाही. कसली गाडी? रात्री साडेअकराला वॉर्डात कुठली गाडी येणार होती?

दोनच्या सुमाराला मावशी टेबलापाशी आल्या. "सिस्टर, रागावू नका, पण त्या आजी आज ठिकाणावर नाहीत. संध्याकाळपासून मला बहिणीच्या नावानं हाका मारतायत."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? ओव्हर तर तुमची तुमची चालते."

मी उठले. आजी पलंगावर बसून चादरीवरून काहीतरी वेचत होत्या. दोन बोटांनी एकेक धागा उचलून शेजारी ठेवायच्या. धागे नव्हतेच. हे पाहिल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला, कारण डिप्रेशनचा पेशंट चादर वेचत नाही. चादर वेचतो तो डिलिरियमचा, म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे अचानक भ्रमात गेलेला. पहाट वाईट आणि संध्याकाळ बरी ही आजींची चालही दोन दिवसांपासून उलटली होती. सकाळच्या सिस्टरला त्या ठीक वाटायच्या, रात्रीचीला बेचैन. दोघींनी आपापलं खरं तेच लिहिलं होतं, पण दोन्ही पानं शेजारी ठेवून कुणी वाचली नव्हती. मीही नाही.

दाखल झाल्या तेव्हा मी त्यांना वार उलटे म्हणायला सांगितले होते. चार मिनिटं लागली होती, पण एकही चुकला नव्हता. मंदावलेला माणूस उशिरा बोलतो, 'माहीत नाही, राहू दे' म्हणतो. पण थांबलात तर बहुतेक वेळा बरोबर सांगतो. आता पुन्हा विचारले.

"रविवार, शनिवार, शुक्रवार... शुक्रवार... सोमवार आला ना ग?" भरभर. हसत.

ड्युटी डॉक्टरांना फोन लावला. "डिप्रेशनचीच पेशंट ना? झोपेचं काहीतरी द्या, सकाळी राउंडला बघू." त्यांचीही सलग दुसरी रात्र होती, मला माहीत आहे. तरी डिलिरियममध्ये झोपेच्या गोळीनं गोंधळ आणखी वाढू शकतो, हे मी त्यांना सांगायला लागावं याचा राग आला. मी एका दमात म्हटलं, "वय अडुसष्ट, एस्सिटॅलोप्रॅमचा नववा दिवस, जोडीला लघवीची गोळी, दोन दिवस डोकेदुखी आणि मळमळ, आज दिशाभान नाही. रक्तातलं सोडियम तपासायला पाठवू?" थोडा वेळ शांतता. तेव्हाही मी मोजत होते. "पाठवा. मी येतो."

पहाटे चारला रिपोर्ट आला: 117. नॉर्मल 135 ते 145. दाखल होतानाचं 136 होतं, आणि त्यानंतर पुन्हा सोडियम पाठवावं असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

एस्सिटॅलोप्रॅमच्या गटातल्या गोळ्यांनी काही जणांच्या शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक नको तितकं काम करतं. मूत्रपिंडं पाणी सोडत नाहीत, रक्त पातळ होतं, सोडियम खाली जातं. वय जास्त, बाई माणूस, वजन कमी, जोडीला लघवीची गोळी. धोक्याच्या या चारही गोष्टी आजींच्या केस पेपरच्या पहिल्याच पानावर होत्या. हे बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच होतं. आणि शरीर पाणी धरून बसलेलं असताना वरून पाणी पाजत राहिलं की सोडियम आणखी उतरतं.

अडीच लिटर. दर तासाला, समोर उभं राहून.

आजींना मेडिसिनच्या वॉर्डात हलवलं. दोन्ही गोळ्या बंद, पाण्यावर मर्यादा. सोडियम चढवायचं तेही बेतानं; चोवीस तासांत आठ-दहा अंकांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही, नाहीतर मेंदूतल्या नसांच्या आवरणाला इजा होते. चौथ्या दिवशी त्या माणसं ओळखायला लागल्या.

मुलगा भेटायला आला तो तापलेलाच. "म्हणजे आईला डिप्रेशन नव्हतंच. तुमच्या गोळीनं डोक्यात गेलं." अर्धं खरं होतं, त्यामुळे उत्तर देणं जास्त अवघड. गोंधळ गोळीनं झाला. पण दीड महिना अंथरुणात पडून असणं गोळीच्या आधीचं होतं. हे मी त्याला तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. पटलं असं नाही, पण आईला घरी न्यायची घाई त्यानं सोडली.

सोडियम 134 झाल्यावर आजी आमच्याकडे परत आल्या. मी विचारलं, "आजी, ओळखलंत का?" अठरापर्यंत मोजलं. "हो. पाणीवाल्या सिस्टर." अठरा सेकंदांनी मला इतकं बरं वाटावं याची लाज वाटली. आजार जिथल्या तिथे होता आणि मी मनात देवाचे आभार मानत होते.

मग डिप्रेशनचीच दुसरी गोळी, रात्रीची मिर्टाझापीन, सुरू झाली. तिच्यात सोडियमचा धोका कमी, पण अजिबात नाही असं नाही. म्हणून आठवड्यानं तपासणी, आणि ती मी स्वतः लिहून घेतली. झोप आणि भूक आधी सुधारली. सोबत रोजचं एक छोटं काम: आज पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, उद्या खिडकीपर्यंत जाऊन यायचं. मन झालं की करायचं असं नव्हे, ठरलेल्या वेळी करायचं. मन होईपर्यंत थांबलं तर या आजारात दिवसच उजाडत नाही. पाचव्या आठवड्यात घरी गेल्या तेव्हा पीएचक्यू-9 चे 11 गुण होते. बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. नववा प्रश्न मी पुन्हा विचारला. सहा मोजले. "अधूनमधून. पण आता लेकाला सांगते."

ते पान अजून वहीत आहे, माझ्याच अक्षरात: 'प्रतिसाद वेगवान.' नवख्या सिस्टरनं घोळ केला असता तर समजलं असतं. आमचा घोळ शिकलेल्यांचा. अंगात जोर आधी येतो हे माहीत होतं, म्हणून जे दिसलं ते आम्ही त्याच साच्यात बसवलं. मावशींना तो पाठ माहीत नव्हता, म्हणून त्यांना आजी ठिकाणावर नसल्याचं दिसलं.

आता ओव्हर घेताना मी मावशींनाही बोलावते. इनचार्ज सिस्टरना ते फारसं रुचत नाही. मावशींनी सांगितलेलं लिहायचं कुठे, वहीत तसा रकाना नाही, असं त्यांचं म्हणणं. मी पाहिलं. खरंच नाही.