अर्धा विनोद स्क्रीनशॉटमध्ये राहिला
आज दुपारी भाच्याने घरच्या ग्रुपवर एक्सकेसीडी या इंटरनेटवरच्या कॉमिक मालिकेतलं एक कॉमिक टाकलं. काड्यांची माणसं, दोन ओळी संवाद. आईने लगेच अंगठा दिला (तिला काय कळलं देव जाणे). मी लिहिलं, अरे, स्क्रीनशॉट काय टाकतोस, लिंक टाक! उत्तर आलं, "लिंक कोण उघडतं, मावशी?"

आता याला काय सांगावं! हे कॉमिक काढणारा रँडल मन्रो शेवटचा टोला चित्राबाहेर ठेवतो. कॉम्प्युटरवर चित्रावर माउस नेऊन थांबलं की एक ओळ उमटते, ती. 2005 पासून चाललंय हे, आणि या पठ्ठ्याला पत्ताच नाही.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन स्वारी दारात हजर. मग त्याला मन्रोचं 2013 मधलं 'टाइम' नावाचं कॉमिक दाखवलं. वाळूचा किल्ला करणारी दोघं, एकाच जागी बदलत जाणारी 3099 चित्रं, चार महिने चाललेली! तेव्हा मी ऑफिसात चोरून बघायचे, पुढचं चित्र आलं का म्हणून. हे सांगण्याच्या नादात गॅसवरची भाजी लागली.

पावणेबारा वाजलेत. भाचा अजून माउस फिरवतोय.